मानेला टेकलेला लगाम घोड्याला कळतो कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ वर्षांची घोडी, स्वभावानं शांत. दोन्ही हातांत लगाम धरला की डावी-उजवीकडे व्यवस्थित वळते, सांगितलं की थांबते. आता तिला एका हातानं चालवायचं आहे, म्हणजे नेक रेनिंग, मानेला लगाम टेकवून वळवणं, शिकवायचं आहे. पण उजवीकडे वळवण्यासाठी हात उजवीकडे नेला की ती डोकं वर उचलते, नाक डावीकडे फिरवते आणि सरळच चालत राहते. हात आणखी पलीकडे नेला तर तोंड उघडते. पंधरा दिवस झाले, फरक नाही. कुणीतरी सल्ला दिला आहे की जरा कडक बिट (लगामाला जोडलेला, घोड्याच्या तोंडात बसणारा धातूचा भाग) घाला, म्हणजे ऐकेल. तर बिट बदलावं का, आणि हे शिकायला साधारण किती दिवस लागतात?

बिटबद्दल आधी सांगते: बदलू नका, निदान आत्ता तरी नाही. दिवसांचा हिशेब पुढे येईलच, पण त्याआधी घोडी हे का करते आहे ते बघू, कारण सगळी मेख तिथेच आहे.

तुम्हाला वाटतंय की ती ऐकत नाही. वर्णन वाचून मला तर ती अगदी प्रामाणिकपणे ऐकताना दिसते. एका हातात दोन्ही वाद्या, म्हणजे लगामाचे डावे-उजवे पट्टे, धरून तुम्ही हात उजवीकडे नेता तेव्हा डावी वादी मानेवरून आडवी जाते. थोडंसं अंतर गेल्यावर तिची ढील संपते, ती ताणली जाते आणि तोंडातल्या बिटची डावी कडी मागे ओढली जाते. डावी कडी ओढली गेली म्हणजे नाक डावीकडे न्यायचं, हे तिला आजवर प्रत्येक स्वारानं शिकवलं आहे. ती नाक डावीकडे नेते. आता तुमचं अंग सांगतंय उजवीकडे चल आणि तिच्या तोंडाला कळतंय डावीकडे. दोन्हींचा मेळ बसत नाही म्हणून बिचारी डोकं वर करते आणि सरळ जात राहते. हात आणखी पलीकडे नेणं म्हणजे तीच चुकीची सूचना जास्त जोरात देणं. तोंड उघडणं ही त्या जोराची तक्रार आहे.

हे माझ्या शब्दावर विश्वास ठेवून मानू नका, स्वतः बघा. घोडीला खोगीर-लगाम घालून एका जागी उभी करा, वर बसा, एका हातात लगाम धरा आणि कुणाला तरी तिच्या तोंडासमोर दोन हात अंतरावर उभं करा. त्या माणसानं फक्त डाव्या कडीकडे बघायचं. आयाळीच्या मध्यरेषेपासून तुम्ही हात हळूहळू उजवीकडे न्या, एकेक बोट. कडी हलली की त्यानं सांगायचं. लगाम मध्यम ढिला असेल तर बहुतेक वेळा चार बोटांच्या आसपास कडी हलते. तेवढीच तुमची हद्द. त्या चार बोटांच्या आत हात असतो तेव्हा वादी मानेला नुसती टेकते. त्यापलीकडे गेला की ते मानेवरचं टेकणं राहत नाही, तोंडातलं ओढणं होतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी हा प्रयोग करायला लावते. जवळजवळ प्रत्येक जण आपला हात वाटतो त्याच्या दुप्पट लांब नेत असतो.

आता दुसरी बाजू. मानेला वादी टेकली म्हणजे त्या बाजूपासून दूर वळायचं, हे कोणताही घोडा आईच्या पोटातून शिकून येत नाही. उलट घोड्याचा उपजत कल दाबाच्या दिशेनंच रेलण्याचा असतो. बांधलेल्या घोड्याला हातानं ढकलून पाहा, तो बाजूला व्हायच्या आधी तुमच्या अंगावर थोडा रेलतोच. संवेदना कमी आहे असंही नाही. माशी बसली तरी त्या जागेची कातडी थरथरवणारा प्राणी आहे तो. वादीचा स्पर्श तिला तुमच्याआधी कळतो. त्या स्पर्शाचा अर्थ मात्र तिला कुणी सांगितलेला नाही.

अर्थ जुळतो तो क्रमानं. खुराकाच्या बादलीचं उदाहरण घ्या. बादलीची कडी वाजली की घोडे कान टवकारतात, खिंकाळतात. बादलीच्या आवाजात काही चव नसते. आधी आवाज, मग खुराक, असं रोज होत गेलं म्हणून आवाजाला अर्थ आला. खुराक पुढ्यात टाकल्यावर तुम्ही बादली वाजवत बसला असता तर त्या आवाजाकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं. लगामाचंही तसंच आहे. नवा इशारा आधी, घोड्याला माहीत असलेला जुना इशारा नंतर, आणि घोड्यानं बरोबर उत्तर दिल्याक्षणी दोन्ही सोडून द्यायचे. या तीन गोष्टींचा क्रम सांभाळला तर बाकी चुका घोडा माफ करतो. दोन्ही इशारे एकाच वेळी दिले तर काय होतं? घोडा ओळखीच्या इशाऱ्यावर वळतो आणि मानेवरचा स्पर्श त्याच्या लेखी नसल्यात जमा राहतो. महिनोन्‌महिने एकत्र देत राहिलात तरी स्पर्श एकटा पडला की घोडा सरळच जाईल. नेक रेनिंग जमत नाही म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच अडकलेले असतात.

सुरुवात करण्याआधी काही गोष्टी तुम्हालाच तपासाव्या लागतील, कारण त्या दुरून सांगता येत नाहीत. घोडी दोन हातांनी छान वळते म्हणता. पण किती जोरावर? बोटांची मूठ नुसती आवळली तर नाक वळतं, की हात मागे न्यावा लागतो? जोर लावावा लागत असेल तर आधी दोन आठवडे त्यावर द्या. जुना इशारा जड असेल तर त्यावर उभा केलेला नवा इशारा हलका होणार नाही. पोटरीच्या दाबानं ती बाजूला सरकते का? हेही हवं, कारण खरं वळण खांद्यापासून होतं, नाकापासून नाही. आणि सर्वात आधी, ती मोकळी चालते का? अडखळत, सारखी टाच मारून चालवावी लागणाऱ्या घोड्याला वळायला शिकवणं म्हणजे थांबलेल्या सायकलचं हँडल फिरवत बसणं.

तिचं तोंडही एकदा जनावरांच्या डॉक्टरांकडून बघून घ्या. दाढांच्या कडा धारदार होऊन गालाला लागत असतील, किंवा पुढच्या दाढेजवळचा बारीकसा जादा दात बिटला लागत असेल, तर डोकं वर करणं आणि तोंड उघडणं ही दोन्ही लक्षणं त्यामुळेही दिसतात. एकाच बाजूला वळायला ती जास्त त्रास देत असेल तर खोगीर खांद्यावर चावत नाही ना, मान एका बाजूला आखडलेली नाही ना, हेही बघा. दुखणं असेल तर शिकवण थांबवायची. त्यावर दुसरा उपाय नाही.

घोड्याचा पूर्वेतिहासही फरक पाडतो. शर्यतीत पळालेला घोडा बिटवर रेलायला शिकलेला असतो, त्याला हलकं करण्यातच महिने जातात. पोलो खेळलेल्या घोड्याला एक हात माहीत असतो, कारण पोलोत काठी उजव्या हातातच धरायची असते आणि लगाम डाव्या हातात. तुम्हाला फक्त त्याची आठवण जागी करायची असते. वर्षानुवर्षं रांगेत दुसऱ्याच्या शेपटीमागे चाललेला घोडा स्वाराकडे लक्षच देत नाही, त्याला आधी एकटं चालायला शिकवावं लागतं. तुमची घोडी यांपैकी कशात बसते ते तुम्हाला माहीत.

आता प्रत्यक्ष काम. पहिले चार-पाच दिवस मी वर बसतच नाही. मोरकी घालून घोडीच्या डाव्या खांद्याजवळ उभी राहते आणि वादी जिथे टेकणार आहे तिथे, म्हणजे मानेच्या मधोमध, बोटांची टोकं टेकवते. एक-दोन मोजते. मग दुसऱ्या हातानं खांद्याला ढकलण्याचा इशारा करते. गरज पडली तर हलकेच ढकलते. पुढचा पाय एक पाऊल उजवीकडे पडला की बोटं लगेच काढते, आयाळीत हात फिरवते, क्षणभर तशीच उभी राहू देते. पाच-सहा वेळा इकडून, मग पलीकडे जाऊन तितकेच वेळा तिकडून. दहा मिनिटांत हे होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी बोटं टेकताच खांदा हलायला लागतो आणि दुसऱ्या हाताची गरज पडत नाही. ज्यांना हे करायचा कंटाळा येतो त्यांना मी एवढंच सांगते की जमिनीवरचे हे पाच दिवस वरचे पंधरा दिवस वाचवतात.

मग वर बसायचं, साध्या स्नॅफल बिटवर (दांड्या नसलेलं, लगाम थेट कड्यांना जोडलेलं बिट), लगाम दोन्ही हातांत. एका हाताचा विषय अजून काढायचा नाही. वाद्या थोड्या जड असतील तर बरं, जाड दोराच्या किंवा वजनदार चामड्याच्या. हलकी वादी मानेवर कधी टेकली आणि कधी उठली हे घोड्याला नीट कळत नाही, जड वादीचं कळतं.

उजवीकडचं एक वळण सावकाश सांगते. घोडी चालते आहे. तुम्ही आधी उजवीकडे बघता, नुसते डोळे नाही, छातीसकट. त्यानं तुमची मांड आपोआप किंचित फिरते आणि घोडीला पाठीवर ते कळतं. मग डावा हात आयाळीकडे नेता, मध्यरेषा न ओलांडता, डावी वादी मानेला टेकेल एवढाच. मनात एक-दोन मोजता. काही झालं नाही तर डावी पोटरी तंगाजवळ (खोगीर आवळणाऱ्या पोटाखालच्या पट्ट्याजवळ) लावता, खांद्याला पुढून बाजूला सरकवायला. तरीही नाही, तर उजवा हात मानेपासून बाजूला उघडता, मागे न ओढता, आणि नाकाला वाट दाखवता. खांदा उजवीकडे कलला आणि पुढच्या पायाचं एक पाऊल त्या दिशेनं पडलं की सगळं एकदम सोडायचं. वादी मानेवरून उठली, पोटरी सुटली, उजवा हात परत जागेवर. दहा पावलं सरळ चालायचं. मग पुन्हा.

म्हणजे नजर, वादी, पोटरी, आणि सगळ्यात शेवटी थेट लगाम. रोज या पायऱ्या याच क्रमानं चढायच्या. घोडा हुशार असतो, त्रास वाचवणं त्याला आवडतं. शेवटची पायरी येण्याआधी उत्तर दिलं तर ती येतच नाही, हे त्याच्या लक्षात येतं. काही दिवसांनी तो पोटरीवर वळू लागतो, मग वादीवर, आणि वर्षभरानंतर तर कधी कधी तुमच्या नजरेवर. लोकांना दुरून बघताना वाटतं की हातानं जादू केली. हातानं सगळ्यात कमी काम केलेलं असतं.

तुमच्या मनात येईल की वादी टेकवून मोजायचं कशाला, लगेच पुढची पायरी का नाही घ्यायची? त्या एक-दोनमध्येच घोडा विचार करतो. ती फट ठेवली नाही तर स्पर्श आणि ओढ त्याच्यासाठी एकच होतात. फार लांबवली, पाच-सहा मोजत बसलात, तर दोघांचा संबंध तुटतो. साधारण एक पाऊल पडायला लागतो तेवढा वेळ, असं धरा.

जागेबद्दल एक गोष्ट. बरेच जण शिकवताना गोल गोल फिरतात. मी चौकोन आखते. गोलात घोडा सततच वळत असतो, वादी कधी टेकली म्हणून वळलो आणि कधी सहज वळलो हे त्याला कळत नाही. चौकोनाला चार कोपरे असतात, प्रत्येक कोपऱ्यात प्रश्न वेगळा विचारला जातो आणि दोन कोपऱ्यांमध्ये घोड्याला मोकळं राहायला मिळतं. कुंपणाची मदतही घ्या. कुंपणाकडे सरळ चालत गेलात तर घोड्याला तसंही वळायचंच असतं. ते वळण येण्याआधी दोन पावलं वादी टेकवा. घोडा वळतो आणि त्याला वाटतं की वादीनंच सांगितलं. एवढी स्वस्त शिकवण दुसरी नाही. मात्र चार-पाच दिवसांनी रिंगणाच्या मध्यभागी, जिथे वळायला काहीच कारण नाही तिथे विचारून बघा. नाहीतर तुम्ही समजाल घोडी शिकली, आणि प्रत्यक्षात कुंपणच तिला वळवत असेल.

उत्तर यायला लागलं हे कसं ओळखायचं? पहिल्यांदा वळण दिसत नाही, त्याआधी कान दिसतो. काळ्या आयाळीचा एक तपकिरी घोडा मी मागे तयार केला, अंगानं मोठा आणि जरा सुस्त. सात दिवस त्याच्या बाजूनं काहीच नाही. मी वादी टेकवायची, मोजायचं, उजवा हात उघडायचा, तो वळायचा. आठव्या दिवशी सकाळी दुसऱ्याच कोपऱ्यात वादी टेकली आणि त्याचा उजवा कान माझ्याकडे फिरला. एवढंच. पावलं सरळच पडत होती. पण खोगिराखाली मला जाणवलं की त्याचं वजन पुढच्या डाव्या पायावरून किंचित उजवीकडे गेलं, माणूस पाऊल उचलण्याआधी अंग सावरतो तसं. मी उजवा हात उघडायचा थांबवला आणि वादी उचलून घेतली, वळणाशिवायच. त्यानं मान खाली सोडली, एक लांब श्वास टाकला. पुढच्या कोपऱ्यात वादी टेकताच एक पाऊल स्वतःहून उजवीकडे टाकलं. मी उतरले, तंग सैल केला आणि त्या दिवशीचं काम तिथेच संपवलं. दहा मिनिटंही झाली नव्हती. त्या कानासाठी थांबायला शिका. उत्तर पूर्ण होईपर्यंत वाट बघत बसलात तर घोड्याचा पहिला प्रयत्न तुमच्याकडून वाया जातो, आणि प्रयत्न वाया गेलेला घोडा पुढच्या वेळी तितक्या उत्साहानं प्रयत्न करत नाही.

दोन हातांवर दहापैकी आठ वेळा नुसत्या वादीवर वळायला लागली की हात जवळ आणायला लागा. आधी दोन्ही मुठी एकमेकींना लागून, मग दोन्ही वाद्या एका मुठीत आणि दुसरा हात मदतीला शेजारी. मूठ खोगिराच्या पुढच्या उंचवट्याच्या किंचित वर आणि पुढे, अंगठा वर. एका हातावर आल्यावर कधीतरी ती चुकेल, नक्की चुकेल. त्या क्षणी तुमचा हात आपसूक पलीकडे ओढला जाईल, चार बोटांची हद्द ओलांडून, आणि पहिल्या दिवशीचं वरचं डोकं पुन्हा दिसेल. तिथे स्वतःला आवरा. मूठ जागेवर ठेवा, मोकळ्या हातानं आतल्या बाजूची वादी पकडून बाहेर उघडा, वळवा, सोडा. चूक झाली की जुन्या इशाऱ्याकडे जायचं, नवा इशारा मोठा करायचा नाही. मला या सगळ्यातून एकच वाक्य तुमच्या लक्षात राहावं असं वाटत असेल तर ते हे.

आणखी एक सवय सांभाळा. वादी मानेवर टेकवून ठेवू नका. वळण सुरू झालं की ती उठलीच पाहिजे, लांब वळण असेल तर पुन्हा टेकवा, पुन्हा उठवा. कायम टेकलेली वादी घोड्याला अंगावरच्या खोगिरासारखी सवयीची होते, तिचा अर्थ उरत नाही. हात उजवीकडे नेताना मनगट मागे वळतं आणि नकळत लगाम आखडला जातो, तेही बघा. त्यामुळे घोडा वळण्याऐवजी मंदावतो. आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या शिकवाव्या लागतात. माणसाला जसा डावा-उजवा हात असतो तशी घोड्यालाही एक मोकळी आणि एक आखडलेली बाजू असते. मोकळ्या बाजूला सुरुवात करा, वेळ मात्र आखडलेल्या बाजूला जास्त द्या.

काही लोक वाद्या मानेखालून फुली मारून उलट्या कड्यांना अडकवायला सांगतात, म्हणजे डावी वादी मानेला टेकली की उजवी कडी ओढली जाते आणि घोडा लगेच वळतो. दिसायला परिणाम झटपट असतो. मला ती पद्धत पटत नाही, कारण स्पर्श आणि ओढ तिथे एकाच क्षणी येतात, मधली फट राहत नाही. वाद्या परत सरळ लावल्या की बरेच घोडे पुन्हा कोरे. कुणाला जमली असेल तर चांगलंच, मी मात्र सुचवणार नाही.

आता कडक बिट. बहुधा तुम्हाला लांब दांड्यांचं आणि हनुवटीखाली साखळी असलेलं कर्ब बिट सुचवलं गेलं असेल, आणि एका हातानं चालणारे अनेक घोडे तेच घालताना दिसतात म्हणून ते पटणं साहजिक आहे. पण ते बिट घोड्याला नेक रेनिंग शिकवत नाही, ते शिकलेल्या घोड्याला घालतात. त्याच्या दांड्या तरफेसारखं काम करतात, हातातला थोडा जोर तोंडात आणि हनुवटीवर कितीतरी पट होऊन पोचतो. शिवाय एकाच बाजूची वादी ओढली तर अख्खं बिट तिरपं होतं, आणि नाक कुठे न्यायचं हे घोड्याला स्नॅफलवर कळतं तितकं स्पष्ट त्यावर कळत नाही. म्हणजे चूक झाल्यावर ज्या जुन्या इशाऱ्याकडे परतायचं, तोच इशारा तुम्ही काढून घेतलेला असतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. शिकवायला लागले त्या सुरुवातीच्या वर्षांत एका तांबूस घोडीवर मी हीच घाई केली. चालीवर ती बरी वळत होती, मला वाटलं झालं, आणि मी तिसऱ्या आठवड्यात कर्ब बिट घातलं. दुडकीत एका वळणावर ती चुकली, माझा हात सवयीनं पलीकडे गेला, दांड्या फिरल्या आणि ती जागच्या जागी थांबून मागे सरकायला लागली. मी पडले नाही, पण तिच्या डोळ्यांतलं पांढरं दिसत होतं. त्यानंतर लगाम उचलला तरी ती डोकं वर घ्यायची. स्नॅफलवर परत आणून, नुसतं सरळ चालवून, वादी मानेवर टेकल्यावर काही वाईट होत नाही एवढं तिला पुन्हा पटवायला मला पाच महिने लागले. तीन आठवड्यांच्या घाईचे पाच महिने, आणि किंमत तिनं मोजली. म्हणून माझा नियम झाला आहे: चाल, दुडकी आणि संथ कॅन्टर (दुडकीच्या पुढची, जास्त वेगाची चाल), तिन्हींत घोडा स्नॅफलवर एका हातानं, ढिल्या लगामावर, महिनाभर न चुकता वळत असेल तरच पुढच्या बिटचा विचार. आणि स्नॅफलवर सगळं नीट चाललं असेल तर बदलायची गरजही नसते.

वेळेचं विचारलंत. आठवड्यातून चार-पाच दिवस, दर वेळी दहा-पंधरा मिनिटं एवढंच या कामाला दिलं, बाकी वेळ तिला नेहमीसारखं फिरवलं, तर नीट तयार असलेल्या घोडीकडून पहिली स्पष्ट उत्तरं दोन-तीन आठवड्यांत यावीत. एका हातावर चाल आणि दुडकी पक्की व्हायला दोन-तीन महिने. कॅन्टर त्यानंतर, आणि तोही आधी मोठ्या वळणांवर. वेग वाढला की घोड्याची विचार करायची फट लहान होते, म्हणून प्रत्येक नव्या चालीत पुन्हा दोन हातांपासून सुरू करायचं. या वेळी ते आठवड्याऐवजी एक-दोन दिवसांत उरकतं. दिवसाला तासभर हेच एक करू नका. घोडा कंटाळला की आधी कान मागे जातात, मग शेपटी झटकली जाते, मग वळणं जड होतात. ती तिन्ही दिसायच्या आधी थांबायला हवं.

रिंगणाबाहेर न्याल तेव्हा पहिले काही महिने दुसरा हात लगामाजवळ मोकळा ठेवा. घाबरलेला घोडा नवं शिकलेलं आधी विसरतो आणि जुनं आठवतो. काही झालं तर एका हाताचा हट्ट न धरता सरळ दोन्ही हात लगामावर घ्या. डोक्यावर हेल्मेट असू द्या, हे वेगळं सांगायला नको.

तुमच्या घोडीचं मात्र मी एकदम पुढून सुरू करणार नाही. पंधरा दिवस वादी मानेवर आली की तोंड ओढलं जातं, असा उलटा धडा तिला मिळालेला आहे, तो आधी पुसायला हवा. म्हणून तीन-चार दिवस तिला फक्त दोन हातांनी, ढिल्या लगामावर फिरवा. चालता चालता मधूनच वादी मानेवर हलकेच घासा, आयाळीवरून हात फिरवा, काहीही न मागता. वादी टेकली तरी डोकं खालीच राहायला लागलं की जमिनीवरचे पाच दिवस सुरू करा. आणि त्याआधी, उद्याच, कुणाला तरी तोंडासमोर उभं करून ती डावी कडी बघायला सांगा. तुमच्या हातात ती किती बोटांवर हलते आणि उजवीकडची किती, हे दोन आकडे मला कळवा. दोन्हींत फरक निघाला तर तुमच्या वाद्या मुठीत सारख्या लांबीच्या नाहीत, आणि मग आधी तेवढंच दुरुस्त करावं लागेल.